शेवटच्या रांगेपर्यंत

नवरा गेल्यापासून थोरली एकदाही रडली नव्हती, आणि याचा घोर तिच्यापेक्षा तिच्या धाकट्या बहिणीलाच जास्त लागला होता. माणूस सकाळी न्हाणीघरात कोसळतो, दाराला आतून कडी, बायको आपल्या चष्म्याच्या दुकानात, आणि शेजारी दार फोडून आत शिरतात तोवर सगळं आटोपलेलं. असं झाल्यावर एखादीने अंथरूण धरलं असतं. थोरलीने दुकान उघडलं. गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत ती नेहमीच्याच आवाजात "सगळ्यात खालची ओळ वाचा बघू," असं म्हणत राहिली. भेटायला येणाऱ्यांचीच समजूत काढून ती त्यांना दारापर्यंत पोचवायला जाई.

"दगड झालीये नुसती," असं धाकटी आपल्या नवऱ्याला म्हणाली, आणि रजा टाकून बहिणीला घेऊन मोठ्या शहरात आली. तिथली जुनी, नावाजलेली नाट्यगृहं दिवसा पाहायला खुली असत. लहानपणी दोघी चादरीचा पडदा बांधून नाटकं करायच्या. मरायचं काम कायम धाकटीकडे आणि रडायचं थोरलीकडे. ती इतकं सुरेख रडायची की शेजारच्या काकूही डोळ्यांना पदर लावायच्या. नाटकाच्या जागा पाहून तिला कुठेतरी पाझर फुटेल, एवढाच धाकटीचा साधा हिशेब होता.

पहिल्या नाट्यगृहात लाल मखमलीच्या खुर्च्या होत्या आणि छताला झुंबर. तिथल्या माहिती सांगणाऱ्या तरुणीने धाकटीला रंगमंचावर उभं केलं आणि थोरलीला अगदी मागच्या रांगेत पाठवलं. "हळू बोला. कुजबुजलात तरी चालेल," ती म्हणाली. "या वास्तूत शब्द सांडत नाही."

"ताई, मला भूक लागलीये गं," धाकटी पुटपुटली. ते शब्द कानाशी कुणी बोलावं तसे थोरलीपर्यंत आले. ऐकू आलं म्हणून तिने हात वर केला. बाकीचे पाहुणे हसले. ते हसण्यासारखं आहे हे थोरलीला कळलं, म्हणून तीही हसली.

दुसरी वास्तू गाण्याच्या मैफलींची होती. भिंतींना फिकट लाकूड, वास नव्या कपाटासारखा. या वेळी रंगमंचावर थोरलीची पाळी आली. काय बोलावं ते सुचेना, तेव्हा तोंडात बसलेलं वाक्यच तिने हळू आवाजात म्हटलं, "सगळ्यात खालची ओळ वाचा बघू." मागे, दिव्यांच्या पलीकडे, धाकटी बसली होती. तिने हात वर केला नाही. ती उठली आणि खुर्च्यांच्या पाठी धरत धरत बाहेर गेली.

बाहेरच्या चहाच्या टेबलाशी धाकटीने कप नुसता हातात धरून ठेवला होता.

"ऐकू नाही आलं का तुला?" थोरलीने विचारलं.

"आलं की."

"मग?"

धाकटी तिच्याकडे पाहत राहिली. लहानपणी ताप आलेल्या बहिणीकडे पाहायची, तशी. मग म्हणाली, "ताई, भावोजी पडले तेव्हा तू दुकानात होतीस ना?"

"होते की."

"असं का म्हणालीस मग तिथे?"

"खालची ओळ वाचा म्हणाले. सवयीने."

"नाही," धाकटी म्हणाली. "ते नाही म्हणालीस तू." आणि काय म्हणाली ते सांगायला तिने साफ नकार दिला. कपातला चहा तसाच टाकून ती उठली.

थोरलीला राग यायला हवा होता. निदान भीती तरी. अंधारात चाचपून किल्ली शोधावी तशी तिने आपल्या आत दोन्ही शोधून पाहिली; हाताला काही लागलं नाही. ती सकाळ आठवून पाहिली तर दुकानाचं अर्धवट वर केलेलं शटर आठवे, आणि तेही कोणत्या दिवसाचं ते नक्की सांगता येत नसे.

"घरी जाऊ या," धाकटी म्हणत होती. पण तिसरं नाट्यगृह रस्त्यापलीकडेच होतं, आणि आता थोरलीच पुढे चालत होती.

ते सगळ्यांत जुनं होतं. तिथला माहिती सांगणारा गृहस्थ म्हातारा, अदबशीर, गळ्याभोवती मफलर घेतलेला. पाहुण्यांना त्याने सभागृहात हवं तिथे बसायला सांगितलं, स्वतः मागच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला आणि रंगमंचावर यायला कोण तयार आहे असं विचारलं. त्याने नीट विचारण्याआधीच थोरली पायऱ्या चढली होती. शेवटच्या रांगेत धाकटी मान खाली घालून बसली होती.

थोरलीने श्वास घेतला. आपल्या ओठांकडे लक्ष ठेवून, एकेक शब्द निरखून, तिने तेच वाक्य म्हटलं. तेच. याबद्दल तिची पक्की खात्री होती.

कुणी हसलं नाही. इकडेतिकडे विखुरलेली माणसं हळूहळू सावरून बसली. एका बाईने शेजारच्या पुरुषाचा हात धरला. मग म्हाताऱ्याने गळ्याचा मफलर काढून हातात घेतला आणि मागूनच, अतिशय मऊपणे, विचारलं,

"इतक्या हाका ऐकूनसुद्धा, बाई, तुम्ही दार का नाही ठोठावलंत?"

त्याचा शब्द न शब्द तिच्यापर्यंत पोचला. उत्तर द्यावं म्हणून तिने तोंड उघडलं. समोरचे सगळे चेहरे वाट पाहत होते, आणि त्यांतल्या कुणालाही घाई नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. आपण बोलू लागलो आहोत हे तिला ओठांच्या हालचालीवरून कळत होतं. काय बोलतो आहोत ते मात्र कळत नव्हतं.

दूर मागे धाकटीने मान वर केली, डावीकडे वळून पाहिलं, आणि बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलेली आपली पर्स उचलून मांडीवर घेतली. मग, भावोजींसाठी सरकायची तशी, गुडघे तिरके करून थोरलीला न दिसणाऱ्या कुणाला तरी आत यायला वाट दिली.