मुखरूचे दोन दात

धानोऱ्याकडच्या जंगलात मोहफुलं वेचताना अस्वलानं मुखरूचे पुढचे दोन दात पाडले आणि त्याची सनई थांबली. ओठांतून फुंक निसटून जायची. मग चंद्रपूरच्या डॉक्टर दिव्यानी यांनी हाडात टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यांवर दात चढवले, तेव्हा तो पुन्हा लग्नांत वाजवू लागला.

"स्वच्छ ठेवा भाऊ," असं त्यांनी बजावलं होतं. मुखरूनं ते जिवापाड पाळलं. हिरडीच्या कडेला मळ दिसला की तो गोधडीच्या सुईनं खरवडून काढायचा.

यंदा हिरडी काळसर पडली, दात हलू लागले. एक्स-रे पाहून दिव्यानींनी दात कशानं साफ करता ते विचारलं, आणि सुईचं ऐकून एक्स-रे त्याच्यापुढे धरला.

"या धातूवर पातळ थर असतो, तोच त्याला जपतो. सुईनं तो ओरखडला. बारीक कण सुटून हिरडीत शिरले, सूज वाढली, हाड झिजलं. दोन्ही काढावे लागतील."

"मंग नवे बसवा ना, बाई."

"बसवायला हाडच उरलं नाही, भाऊ."

मुखरू आपल्या बोटांकडे पाहत राहिला. "मी तं साफच करून राह्यलो होतो," तो म्हणाला.

दात काढल्यानंतर पुतणी निशाच्या लग्नात भावानं आग्रह केला म्हणून त्यानं सनई ओठांना लावली. नुसती हवा गेली. कुणीतरी हळूच स्पीकर सुरू केला. निशा पाया पडायला आली, तेव्हा आशीर्वादासाठीही त्यानं तोंड उघडलं नाही. ओठ घट्ट मिटून फक्त तिच्या डोक्यावर हात ठेवला.