ऐंशीची टाकी

नवरात्रात सकाळची आरती होईपर्यंत मी बोलत नाही. सोळा वर्षांचा नेम आहे. त्या खंडेनवमीला हा नेम मला फार सोयीचा पडला, हे आधीच सांगून टाकते.

त्या वर्षी पूजेला विळ्या-खुरप्यांशेजारी पाण्याखाली श्वास घ्यायच्या हवेच्या दोन टाक्या होत्या. आमच्या कुंडल गावच्या पोरांनी पुरासाठी बचाव पथक काढलं होतं. त्यात माझा जयराज आणि धाकट्या जावेचा, क्रांतीचा, शिवतेज. शिकवायला नेव्हीतून रिटायर झालेले तात्याबा. टाक्या देणगीतल्या, म्हणून दोन तऱ्हेच्या. एकीवर बारा लिटर लिहिलेलं, दुसरीवर नुसतं ऐंशी. आदल्या संध्याकाळी तात्याबांनी चिकटपट्टीवर नावं लिहून लावली. जयराजला बारा, शिवतेजला ऐंशी.

क्रांती हातातली परात खाली न ठेवताच माझ्याकडे आली.

"आवं आक्का, बगा तरी! माझ्याला ऐंशीची मिळाली."

"देवीची कृपा," मी म्हटलं.

कृपा कसली! ही ना उपास करते, ना पोथी वाचते. शुक्रवारी अंड्याची पोळी खाऊन देवळात येते. तरी सासूबाईंची नथ हिला, पथकाचा पुढारी हिचा पोरगा. मी मंगळवार धरायचे, शुक्रवार धरायचे, आणि देवीनं सगळं हिच्या ओटीत घालायचं. आता श्वाससुद्धा हिच्याच पोराला जास्त? कुठं बारा आणि कुठं ऐंशी!

पहाटे टाक्या पुसायचं काम माझ्याकडं होतं. ओलं फडकं फिरवता फिरवता पट्ट्या सुटल्या. सुटल्या म्हणजे मी सोडवल्या. जयराजचं नाव ऐंशीवर लावलं, शिवतेजचं बारावर. वरून झेंडूच्या माळा घातल्या. मनात देवीचं नाव चालूच होतं.

उजाडल्यावर सगळे मळ्यातल्या विहिरीवर जमले. पोरांनी पहिली बुडी मारून तळाचं पाणी आणायचं, ते टाक्यांवर शिंपडायचं आणि मग आरती, असं ठरलेलं. साठ फूट पाणी. आपापलं नाव बघून पोरं टाक्या पाठीला बांधू लागली. क्रांतीला काही राहवेना.

"तात्याबा, ऐंशीत लय हवा असंल न्हवं?"

तात्याबा हसले. "न्हाई गं. उलट बारात जास्त हाय."

"काय बी सांगताय!"

"आगं, एकजण डबा मोजतोय आन् दुसरा डब्यातलं पीठ. बारा म्हंजे रिकाम्या टाकीत बारा लिटर पाणी मावतंय. तेवढ्या जागंत दोनशे पट दाबून हवा भरली, म्हंजे चोवीसशे लिटर झाली. ऐंशी हे अमेरिकेचं माप. भरल्याली हवा मोकळी सोडली तर किती घनफूट व्हईल, त्ये. लिटरात बावीसशेच्या आसपास बसतंय."

"मग माझ्या पोराला कमीची दिलीसा व्हय?"

"शिवतेज शांत हाय पाण्यात. जयराज धापा टाकतोय, त्येला हवा लय लागती. खाली तीन-चार मिन्टांचा फरक पडतोय, म्हणून मुद्दाम दिली त्येला बाराची."

मी विहिरीकडे वळले. जयराज पायऱ्या उतरत होता. पाठीवर ऐंशी.

मी तात्याबांकडे हात केला. त्यांना वाटलं नमस्कार करतेय. त्यांनीही हात जोडले. पोरगा पाण्यात गुडघाभर गेला.

"थांबा!" मी ओरडले. माझा एवढा मोठा आवाज मीच कधी ऐकला नव्हता. "टाक्या बदला. पट्ट्या मी बदलल्यात."

जयराजनं मान खाली घातली. क्रांती माझ्याकडे बघत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून हसली.

"सोळा वर्साचा नेम मोडलासा आक्का, आन् त्यो बी माझ्या ऐंशीपायी?"

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हसणंसुद्धा हिला सोपं जातं.

तात्याबांनी टाक्या बदलल्या. पोरांना म्हणाले, "ध्यानात ठेवा रं, दोघांनी संगंच वर यायचं. एकाची हवा कमी झाली की दुसऱ्यानं बी निघायचं. त्येची किती का शिल्लक असंना."

म्हणजे जास्तीची टाकी कुणाचीही असली, तरी जीव दोघांचा एका मापात.

पोरं खाली गेली. हिरव्या पाण्यावर बुडबुडे फुटत होते, त्यातले जयराजचे कुठले ते कळत नव्हतं. क्रांतीनं माझा हात धरला. मी धरू दिला. मी जपमाळ ओढत होते, दोघांच्या नावानं, पण पहिला मणी जयराजचा.

दोघं एकदमच वर आले. हातात तळाच्या पाण्याचे तांबे. पायऱ्या चढताना शिवतेजचं पाणी थोडं सांडलं. जयराजचा तांब्या काठोकाठ होता.

मी बघितलं, आणि मला बरं वाटलं. देवीसमोर खोटं कशाला बोलू?