जळलेली वई

काजूखालचा पाला पेटवायचा तो सकाळी, वारा उठायच्या आधी. पेडण्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझ्या सर्वेशने पेटवला दुपारी, जेवून, झोप काढून. समुद्राचा वारा आला आणि आग काजू सोडून करवंदीच्या वईत शिरली.

ती वई, म्हणजे ते कुंपण, मी नवी नवरी असताना लावलं. करवंदं खाऊन थुंकलेल्या बियांचं. सासूबाई म्हणायच्या, "काटे कसले पेरतेस गे?" पुढे पावसाळी वाऱ्यात त्यांच्या केळी त्याच काट्यांआड उभ्या राहिल्या. बुलबुलांचे, मुंगसांचे संसार त्यात. यंदा फुलावर आली होती. आता नुसते काळे खुंट.

"आये, मेली ती," सर्वेश म्हणाला. "जेसीबीवाल्याक सांगलंय. खुंट काढूया, तार मारूया."

"तार वारो अडवतली?"

"मग पत्रे मारतंय."

"मार. पयल्या वादळात ते सोधूक डिचोलीक जा."

सकाळी जेसीबी फाटकात हजर. मी नारळ खवायची आदोळी नेऊन वईसमोर मांडली आणि तिच्यावर बसले. ड्रायव्हर परशुराम बेळगावकडचा. त्याला म्हटलं, "आधी मला उकर, मग हिला." त्याने गुपचूप इंजिन बंद केलं.

जीव उरलाय का बघायला कोयत्याने एक खुंट छाटला. आत कोरडा. दुसराही कोरडा.

माझी सून तनया, म्हापशाची पोर, नखांना रंग लावलेली. ती गुडघ्यांवर बसली, बुंध्याची राख हातांनी बाजूला केली. "आई, हंय मारा. मातीलगत."

मारला. पांढरा चीक टपकन बाहेर आला.

"दूध!" तनया ओरडली.

परशुराम खाली उतरून वाकला. "आज्जी, जित्ती हाय की ही!"

"तर! मी लावलेली ती," म्हटलं, आणि परत आदोळीवर टेकले. परशुरामाला चहा आणि उंडे-पाव देऊन वाटेला लावलं.

यंदा केळींना आडोसा नारळाच्या झापांचा. ते सर्वेशच विणतोय, वाकडेतिकडे. वईच्या बुंध्यांना लालसर कोंब फुटलेत. काल एक बुलबुल काळ्या खुंटावर बसून सगळं बघून गेला.

"आये, करवंदां कधी लागतली?"

"तू दुपारचो निजाचो बंद होशीत तेव्हा."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी मीही.