चेरी मिरचीचं बी

मास्तरांची वाचा गेली त्याला आठ महिने झाले होते. मेंदूतली एक शीर तुंबली, उजवं अंग लुळं पडलं, आणि चाळीस वर्षं गणिताचा वर्ग गाजवणारा आवाज एकाएकी बंद झाला. पाय पुढे सावरला, हातही हलू लागला. पण तोंडातून 'अं'पलीकडे काही निघेना.

त्यांच्या बायकोने, सगळी आळी ज्यांना 'बाई' म्हणते त्यांनी, हाय खाल्ली नाही. यंदाही त्यांनी मागच्या अंगणात चेरी मिरच्या लावल्या. बोराएवढ्या गोल, जाड सालीच्या, चवीला गोडसर. मास्तर त्या फळासारख्या कच्च्याच खायचे. गेल्या साली बाईंनी चांगलं पिकलेलं फळ पाहून बी धरलं होतं, तेच पेरलं. रोज सकाळी मास्तरांना खुर्चीत बसवायचं आणि त्यांच्यासमोर खुरपत एकटीनेच बोलत राहायचं, असं चाललं होतं.

पहिली मिरची लालभडक झाली, तेव्हा पहिला मान मास्तरांचा म्हणून बाईंनी ती धुऊन अख्खी त्यांच्या तोंडात घातली.

मास्तरांनी दोनदा चावलं. मग चेहरा तांबडालाल झाला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, मिरची थुंकून ते कडाडले, "मेलो! पाणी आण की गं, भवाने!"

बाईंच्या हातातली झारी पडली. पायांवर पाणी सांडत होतं, तरी त्यांना हलता येईना. नवऱ्याला वाचा फुटली याचा धक्का मोठा, की उभ्या जन्मात बायकोलाही 'अहो'खेरीज हाक न मारणारा माणूस 'भवाने' म्हणाला याचा, हेच कळेना. मास्तरही तोंडावर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले होते. आपण काय बोललो याने तेच जास्त घाबरलेले दिसत होते.

पाणी शेवटी ओरडणं ऐकून आलेल्या शेजारच्या कंपाउंडरने आणलं. मिरचीचं उष्टं टोक जिभेला लावून तो म्हणाला की गेल्या साली कुंपणालगत त्याच्या जहाल मिरच्या होत्या. मधमाश्यांनी इकडचे पराग तिकडे केले असणार, आणि बाईंनी धरलं ते बी संकराचं.

बाईंचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. त्या मास्तरांपुढे गुडघ्यावर बसल्या.

"पुन्हा म्हणा. तीच शिवी द्या, पण म्हणा."

मास्तरांनी ओठ हलवले. "अं," एवढंच आलं. मग दोघंही रडली.

दुसऱ्या दिवशी वाचेचे उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. असे शब्द वेदनेत आपसूक उसळतात, म्हणाल्या. त्याने बोलणं परत आलं असं होत नाही. पण तोंडात मुरलेलं काही अजून आत शिल्लक असावं. मिरची पुन्हा अजिबात द्यायची नाही, असं बजावून त्यांनी विचारलं, "यांना झोपेतही म्हणता येईल असं काय आहे?"

बाईंना विचार करावा लागला नाही. "पाढे," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून अंगणात दोघं बेचा पाढा म्हणू लागली. पहिले नऊ दिवस बाईंचाच आवाज. दहाव्या दिवशी 'बे दुणे'नंतर त्या मुद्दाम थांबल्या, आणि खुर्चीतून घोगरं, अर्धवट "चार" आलं. बाईंनी लगेच 'बे त्रिक' म्हटलं.

आता मास्तर 'बे साते चौदा'पर्यंत पोचतात, मधे एकदोनदा अडखळून. चहा हवा का विचारलं, तर उत्तर अजून मानेनेच मिळतं.