घामाचा कोट

दार लागलं आणि आतल्या शे-दीडशे माणसांनी हात जोडले. समोर लाकडी धडावर एक राखाडी कोट चढवलेला होता. त्याच्या पायाशी स्टोव्हवर तुळशीचं तीर्थ उकळत होतं आणि वाफ सरळ कोटात शिरत होती. श्रावणाचे दिवस, बाहेर भुरभुर, आत माणसांचा उबारा. थोड्याच वेळात कोटाचे खांदे काळपट पडले, ओल बाह्यांवर उतरली.

“नोडी, नोडी, बघा!” शेषगिरी ओरडला. “नटभास्कर गेले म्हणता? गेलेल्या माणसाला घाम येतो का? गर्दी दिसली की साहेबांना घाम यायचा, आजही येतो. पुढे सरका! गर्दी कमी झाली की साहेब रुसतात.”

कापसाचे बोळे घेऊन बायका पुढे धावल्या, ओला कोट टिपू लागल्या. कोणी ते तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावले, कोणी जिभेला.

“खारट आहे गं!” जानकीबाई रडत म्हणाल्या. “खरा माणसाचा घाम!”

नटभास्कर हा कानडी सिनेमाचा नायक, वर्षापूर्वी वारलेला. शेषगिरी स्टुडिओत कपडे सांभाळायचा. त्यानं मैसूरच्या शिवरामपेटेत ही मोठी खोली घेतली आणि कोट मांडला.

अंबूताई दाराशी उभ्या होत्या. त्या कोटाकडे पाहत नव्हत्या, त्याच्याशेजारी स्टुलावर बसलेल्या आपल्या नवऱ्याकडे पाहत होत्या. पंधरा वर्षांपूर्वी तो कोट त्यांनीच, रंगनाथ मास्तरांनी, शिवला होता. नटभास्कर माप द्यायला दुकानात आला, जाताना खांद्यावर हात ठेवून “भले, मास्तर!” म्हणाला. पुढे महिनाभर मास्तरांनी त्या खांद्यावर टॉवेलसुद्धा टाकला नव्हता. आता शेषगिरी त्यांचा हात वर धरून दाखवायचा, “हाच तो हात!” लोक त्या हाताला कपाळ टेकायचे.

मात्र त्या हातानं दोन महिन्यांत सुई धरली नव्हती.

“अहो, जगन्नाथरावांच्या मुलाचं लग्न पंधरा दिवसांवर आलं,” घरी अंबूताई म्हणाल्या. “कापड अजून घडीतच आहे.”

“दुसऱ्याकडे द्या म्हणावं.”

“मैसुरात तुमच्यासारखी बाही बसवणारा दुसरा कोण आहे?”

“मी कोण गं? मी त्या कोटाचा शिंपी. माझ्या हातून जे व्हायचं ते तेव्हाच झालं.”

बाईला वाटलं, समोर बसलेला आपला माणूस हळूहळू पुसला जातोय. तिनं आमटीसाठी मिठाची बरणी उघडली. खडेमिठाला पाणी सुटलं होतं, चमचा बुडेल इतकं. ती चमच्याकडे बघत राहिली. तीस वर्षं तिनं पुरुषांच्या कोटांना इस्त्री केली होती. घाम काखेत येतो, पाठीवर येतो. हा कोट मात्र खांद्यांपासून ओला व्हायचा.

पुढच्या शुक्रवारी कोटाच्या दर्शनाला ती कात्री घेऊन गेली.

“शेषगिरीअण्णा, साहेबांना खांद्यावर कसा हो घाम यायचा? आमच्या माणसांना तर काखेत येतो.”

मागं कोणीतरी फिसकन हसलं.

“अंबक्का, थोरांचा घाम तुमच्या माणसांसारखा असतो होय?”

“मग खांदा उसवून बघू. माझ्या माणसानं शिवलाय, पुन्हा तस्साच शिवून देईल.”

“अगं, नको!” मास्तर उठले. पण तिनं स्टोव्ह विझवला होता आणि शिवणीत कात्री घातली होती. खांद्यात कापसाची गादी नव्हती. मलमलच्या पुरचुंडीतून ओलं खडेमीठ फरशीवर सांडलं.

“वाफ लागली, माणसांचा श्वास लागला, की याला पाणी सुटतं,” अंबूताई म्हणाल्या. “म्हणून दार लावायचं. म्हणून गर्दी हवी. घरोघरी बरणीत हाच चमत्कार चालू आहे बायांनो.”

जानकीबाईंनी खडा जिभेवर ठेवला. “अय्यो! हे तर लोणच्याचं मीठ!”

“मीठ मी घातलं!” शेषगिरी घामाघूम झाला, तो मात्र खरा. “भक्तांसाठी घातलं. पण कोट तर साहेबांचाच ना? याच खिशात हात घालून ते रुबाबात उभे राहायचे!”

मास्तरांना तेवढा आधार पुरला. त्यांनी कोट सारखा केला, खिशाशी बोटं नेली, आणि ती तिथंच थांबली.

नव्या कोटाचे खिसे शिंपी कच्च्या धावदोऱ्यानं बंद ठेवतो, म्हणजे ते फुगत नाहीत. घालणारा पहिल्यांदा घालतो तेव्हा तो दोरा काढतो. या कोटाच्या दोन्ही खिशांवर पांढरा दोरा जसाच्या तसा होता. मास्तरांच्याच हातचा. नटभास्करनं तो कोट एकदाही घातला नव्हता.

भरल्या खोलीत ते मास्तर आणि अंबूताई, दोघांनाच कळलं.

शेषगिरीनं त्या आठवड्यात गाव सोडलं. पुढे ऐकू आलं, एच. डी. कोटे नावाच्या गावाकडे तो कुणाच्या तरी चपला घेऊन बसलाय.

मास्तर दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “पंधरा वर्षं मी ज्याला त्याला सांगत आलो.”

“हो.”

“त्यानं घातलाच नाही गं.”

“नाही घातला. म्हणून टाके वाकडे झाले का तुमचे?”

म्हातारा लहान मुलासारखा रडला. तिनं रडू दिलं. मग टेप आणून त्यांच्या छातीभोवती धरली. “सांगा, तुमचं माप किती?”

मास्तर टेपेवर वाकले. गावातल्या हजार माणसांची मापं त्यांना तोंडपाठ होती.

“ठाऊक नाही,” ते म्हणाले. उभ्या जन्मात त्यांनी स्वतःसाठी कोट शिवला नव्हता.

जगन्नाथरावांच्या मुलाचा सूट वेळेवर गेला. नंतर मास्तरांनी आपला कोट बेतला. पहिल्या दिवशी खिशांचे दोरे स्वतः काढले. दोनच हिवाळे घातला. तिसरा त्यांनी पाहिला नाही. नटभास्करचं नाव मात्र पुन्हा कधी काढलं नाही, आणि पूर्वीसारखे मोठ्यानं हसलेही नाहीत. खोटं उसवलं तरी शिवणीची भोकं कापडावर राहतातच.

मास्तरांचा तो कोट अजून अंबूताईंच्या पेटीत आहे. आता नवे नट आले, नवे फोटो, नव्या रांगा. कुणाची कला आवडली तर टाळी जरूर वाजवावी. पण कुणाच्या घामाचं तीर्थ घ्यायला उभं राहण्याआधी घरातली मिठाची बरणी उघडून बघावी. आणि स्वतःचं माप ठाऊक आहे का, तेही एकदा पाहावं.