साक्षीला बाई नकोत

"घाटसावळीवाले उठा, बीडवाले बसा, आन् झोपलेत त्यांना झोपू द्या."

चौतीस वर्षांपूर्वीचा तो आवाज विजयमालाबाईंच्या कानात अजून तसाच होता. तेव्हा त्या घाटसावळीच्या शाळेत नव्यानं लागल्या होत्या, वडवणीहून रोज एसटीनं जायच्या, आणि आवाज होता कंडक्टर सुंदररावांचा. गावांची नावं ते अशी घ्यायचे, की वाटावं कुणी जात्यावर दळायला बसलंय. बाईंच्या आईचा गळा ओव्यांचा, त्यामुळे चाल कुठं वळते ते बाईंना बरोबर कळायचं. आणखी एक गोष्ट कळायची, पण ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. त्या रस्ता ओलांडून शाळेच्या फाटकाशी पोचेपर्यंत गाडी सुटायची डबल बेल काही वाजायची नाही.

तेव्हा बाईंचा संसार होता, त्यांचाही होता. पुढं बाईंचे मालक गेले, सुंदररावांची मंडळीही गेली. दोघं रिटायर झाले. साठीला बाईंनी बीडच्या कॉलेजात वकिलीला नाव घातलं, तेव्हा मुलीनं फोनवर विचारलं, "आई, बरं आहे ना तुला?"

फार बरं होतं. इतकं बरं त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

कारण सकाळच्या बसमध्ये दोन नंबरच्या सीटवर, खिडकीजवळ, रोज एक धुतलेला गमजा पसरलेला असायचा. बाई आल्या की सुंदरराव गमजा उचलायचे, झटकायचे आणि मागच्या सीटवर जाऊन बसायचे. शेजारी कधीच नाही. बीडला रोज काय काम असतं, असं विचारलं की म्हणायचे, "दाताला चाललोय."

"काका, माणसाला दात असतात बत्तीस," यशोधरा म्हणायची. ही वडवणीचीच, बाईंच्या वर्गात, वय बावीस, आणि जिभेला हाड नाही. "तुमचे आतापर्यंत एकोणचाळीस झाले."

"काही दुबार करावे लागले," सुंदरराव म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघायचे.

सीताफळाच्या दिवसांत मागच्या सीटवरून एक पिशवी पुढं यायची. "बांधावरची हायेत. जास्तीची झालती." डोळे उघडलेली, बोट लावलं की फुटतील अशी फळं. जास्तीची फळं अशी निवडून काढलेली नसतात, एवढं बाईंना समजत होतं. त्यांना एकच हवं होतं: या माणसानं एकदा तोंडानं सांगावं. स्वतः विचारायला जावं, आणि तो म्हणाला, खरंच दात दुखतो, तर उद्यापासून कोणत्या तोंडानं त्या खिडकीशी बसायचं? आणि शेवटचं वर्ष होतं. परीक्षा झाली की बीडची ये-जा संपली, गमजा संपला, सगळंच संपलं.

अशात मृत्युपत्राचा विषय सुरू झाला. बाईंना कलमं पाठ होईनात, म्हणून त्यांनी ती ओव्यांत बसवली आणि बसमध्ये घोळवू लागल्या. आधी गुणगुणत, मग घाटातलं वळण आलं की चांगल्या मोकळ्या गळ्यानं.

त्रेसष्टावं गं कलम, दोन साक्षी बोलवाव्या
लिहिणाराच्या डोळ्यांपुढं, सह्या त्यांनी कराव्या

सदुसष्टावं गं कलम, साक्षीदारा सांगा जाऊन
मिळायाचं व्हतं काही, ते बी गेलं सही देऊन

पंधरा दिवसांत अख्खी बस शिकली. भाजीच्या पाट्या घेऊन चढणाऱ्या बायकासुद्धा एकमेकींना सांगू लागल्या, की मृत्युपत्रात ज्याला काही ठेवलंय त्यानं साक्षीला बसू नये, नाहीतर सही राहते आणि त्याला ठेवलेलं जातं. सुंदरराव मागं डोळे मिटून ऐकायचे. झोपलेत असं वाटायचं. पण ओवीत एक शब्द हुकला, की मागून हळूच दुरुस्ती यायची.

सरांनी प्रात्यक्षिक दिलं: ओळखीच्या माणसाचं खरं मृत्युपत्र तयार करा, सह्या करून घ्या, नक्कल फाइलला लावा. बाईंनी मागं वळून विचारलं आणि सुंदरराव लगेच तयार झाले. इतक्या लगेच, की बाईंच्या हातून पेनच पडलं.

"मजकूर तुमी लिवा," ते म्हणाले. "घर आन् रान पोराला. पाचवा परिच्छेद तेवढा कोरा ठिवा. तो मी घरी लिवीन."

"आणि साक्षीला आम्ही दोघी, मी आणि यशोधरा," बाई म्हणाल्या.

सुंदरराव खिडकीबाहेर बघू लागले.

गुरुवारी ते बसला नव्हते. गमजा मात्र होता. कंडक्टर बंकटजवळ तो आदल्या दिवशीच देऊन ठेवलेला. "काकांचा खरंच दात ठणकतोय," बंकट म्हणाला. "रातभर झोपले न्हाईत. इथंच वडवणीत काढून घेणार हायेत." यशोधरा हसून हसून बाकावर आडवी झाली. त्या दिवशी वर्गात एक गंमत कळली आणि बाईंनी येताना तिचीही ओवी केली. मागची सीट रिकामी, म्हणून मोठ्यानं म्हटली मात्र नाही.

शुक्रवारी सुंदरराव गाल सुजवून हजर. घाटसावळीला टायर पंक्चर झालं. अर्धा तास निघाला. सुंदररावांनी खिशातून बाईंनी लिहून दिलेला कागद काढला; वरचा मजकूर दिसू नये अशी घडी घातलेली, सहीपुरती जागा उघडी.

"बंकट, ये इकडं. यशोधरा, तू बी बस. माझ्याकडं बघा, मी सही करतोय."

"बंकट कशाला?" बाई म्हणाल्या. "मी आहे ना."

"तुमी नको."

"का बरं?"

"नको म्हणलं ना, बाई."

बाईंच्या मनाला ते लागलं. तीस वर्षं ज्या सहीनं पोरं पास झाली, ती सही या माणसाला चालत नाही. त्या खिडकीकडं वळल्या. बाहेर शाळेचं फाटक दिसत होतं, निळं रंगवलेलं. मागं पेन कागदावर कुरकुरलं. सुंदररावांची सही झाली, बंकटची झाली, यशोधराची झाली. आणि बाईंच्या डोक्यात त्यांचीच ओवी आपोआप फिरू लागली. मिळायाचं व्हतं काही, ते बी गेलं सही देऊन.

ओवी थांबली. त्यांना हसू फुटलं, ते आवरेना, पदर तोंडात धरला तरी आवरेना.

"मावशी, काय झालं?" यशोधरानं विचारलं.

"सुंदरराव," बाई वळल्या, "काल तुम्ही कुठं होता?"

"दाताला गेलतो. खरंच."

"म्हणजे कालचा धडा हुकला तुमचा." आणि बाईंनी घाटातल्या मोकळ्या गळ्यानं कालची ओवी सोडली.

सदुसष्टाची गं अट, हिंदू-बौद्धा न्हाई लागत
साक्षीदार बी घेऊ दे, कायदा न्हाई रागवत

मग पाटीवाल्या बायकांपैकी एकीला उलगडा झाला, तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं, आणि हसू पुढच्या दारापासून मागच्या काचेपर्यंत गेलं.

"न्हाई लागत?" सुंदररावांचा आवाज बारीक झाला.

"नाही. मी सही केली तरी मला मिळणार."

"तुमाला मिळणार हाय असं कोण म्हणलं?"

"तुम्हीच. आत्ता. नको म्हणून."

सुंदररावांचा सुजला नव्हता तो गालही लाल झाला. यशोधरानं त्यांच्या हातातला कागद अलगद ओढून घडी उघडली. पाचव्या परिच्छेदात गोल, जपून काढलेलं अक्षर होतं: बांधावरची अकरा सीताफळीची झाडं विजयमालाबाईंना, फळांसकट आणि सावलीसकट.

बाईंनी पेनचं टोपण काढलं आणि यशोधराच्या सहीखाली आपली सही ठोकली. "घ्या. तिसरी साक्ष. पण एक सांगते, वकील म्हणून. हा कागद तुमच्या मागं लागू होतो. तोवर याला किंमत नाही."

"मग तोवर काय लागू व्हतं?"

"तोवर तोंडानं सांगावं लागतं, सुंदरराव."

खाली ड्रायव्हरनं शेवटचा नट आवळला. बंकटचा हात घंटीच्या दोरीवर गेला आणि तिथंच राहिला. सुंदररावांनी फाटकाकडं पाहिलं, मग बाईंकडं. मागच्या सीटवरून उठले, पुढं आले आणि खिडकीशेजारच्या रिकाम्या जागेवर, अंग चोरून का होईना, बसले.

"तुमी त्या फाटकाशी पोचल्याबिगर मी कधी बेल दिली न्हाई," ते म्हणाले. "तवा बोलण्यासारखं नव्हतं. तुमचं घर व्हतं, माझं व्हतं. आता दात सगळे धड हायेत, कालचा एक सोडून, आन् बीडला माझं कायबी काम न्हाई. मी तुमच्यापायी येतो, बाई. तुमी मला लई आवडता. ती झाडं आत्ताच घ्या. आन् झाडांसंगं मला बी."