दुसरी वेलांटी

‘माझी पण शाळा आत्ताच सुटली, घरी आले’ असं लिहून त्यानं पुढे एक हसरा चेहरा चिकटवला आणि फोन मुद्रितांच्या गठ्ठ्याखाली सरकवला. समोर अक्षरजुळणी करणाऱ्या मावशी बसत. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे.

“आज पण चिमणीच का?”

“हळू बोला, मावशी.”

“बोलते हळू. पण चिमणीला मिशा आहेत हे पोरीला कळलं, तर काय कराल?”

तो पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासायचा. शाळेच्या पालकसभेत कुणीतरी ऑनलाइन फसवणुकीचे किस्से सांगितले आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात किडा वळवळू लागला. बायको परगावी नोकरीला. तेरा वर्षांची लेक फोन उशीखाली घेऊन झोपायची आणि काय चाललंय विचारलं, की “काही नाही” म्हणायची. मग यानं चौदा वर्षांची एक मुलगी तयार केली, तिला ‘चिमणी’ असं नाव दिलं आणि लेकीनं टाकलेल्या चित्रांचं कौतुक करून मैत्री मागितली.

लेक या अनोळखी मुलीशी बोलायला लागली, की त्याच संध्याकाळी चांगली कानउघाडणी करायची, असा बेत होता. लेक बोलायला लागली. पण इतकं मोकळं, की बेत राहिला बाजूलाच. घरात दोन शब्दांवर भागवणारी पोर चिमणीला वर्गातल्या कुरबुरी सांगायची, नाकावरच्या पुटकुळीचं दुःख सांगायची. तो वाचायचा, विचारायचा, पुन्हा वाचायचा. त्याला ते फार आवडायला लागलं होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

गठ्ठ्याखाली फोन थरथरला.

‘चिमणे तुला एक सांगू? कुणाला सांगणार नाहीस ना’

‘सांग ना’, त्यानं लिहिलं.

‘एक मुलगा आहे, ऑनलाइन ओळख झालेला. मी त्याला माझा एक फोटो पाठवला होता. आता अजून मागतोय. नाही दिले तर आधीचा सगळ्या वर्गाला दाखवीन म्हणतो. मला खूप भिती वाटते’

  त्याच्या बोटांनी, डोक्याला काही विचारायच्या आत, जन्मभर केलं तेच केलं.

‘भीती. दुसरी वेलांटी.’

गेलं ते. घरात वाण्याच्या यादीपासून वाढदिवसाच्या शुभेच्छांपर्यंत तो हेच बजावत आला होता आणि लेक दर वेळी डोळे फिरवत आली होती.  मग एकच शब्द आला.

‘बाबा?’

तो उठला. खुर्ची मागे कलंडली, ती मावशींनी सावरली.

“मी निघतो.”

“जा, जा. मुद्रितं मी बघते.”

घरी लेक स्वयंपाकघरात ओट्याला पाठ टेकून जमिनीवर बसली होती. फोन दूर, दाराजवळ पडलेला. तो आत आला, तरी तिनं वर पाहिलं नाही.

“तो मुलगा खोटा निघाला. आत्ता शोधून बघितलं, त्याचा फोटोसुद्धा दुसऱ्याच कुणाचा आहे. आणि तू पण खोटा निघालास.”

 तो तिच्याशेजारी फरशीवर बसला.

“चूक झाली,” तो म्हणाला. “माझी. तुझी नाही. आता काय करायचं ते आपण दोघं मिळून करू.”

तिनं फोन ओढून घेतला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं त्या मुलाचा मेसेज वाचला, रागानं त्याचे कान तापले, पण तो ओरडला नाही. त्या माणसाला उत्तर द्यायचं नाही, त्याचं काहीही पुसायचं नाही, हे त्यानं तिला समजावलं. सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेवले, मग त्याला ब्लॉक केलं. पोलिसांच्या सायबर शाखेत फोन लावला. तिकडून एक बाई शांतपणे एकेक विचारत गेल्या आणि लेक एकेक सांगत गेली. दोनदा ती अडली. तो मध्ये बोलला नाही. मग बापलेकीनं आईला फोन केला.

सगळं झाल्यावर ती म्हणाली, “ती मला आवडायची.”

“कोण?”

“चिमणी. माझी तेवढीच एक मैत्रीण होती.”

 तो चाचरत म्हणाला, “ती असती तर तिनंही सांगितलं असतं, की बाबांना सांग.”

“नाही.” लेकीनं मान हलवली. “ती असं सांगायची नाही. ती आधी विचारायची, रडलीस का.”

चिमणीनं विचारलेलं सगळं त्यानंच विचारलं होतं, छापखान्यातल्या खुर्चीत बसून. त्याच्या स्वतःच्या तोंडून तो प्रश्न यायला मात्र बराच वेळ लागला.

“रडलीस का गं?”

तिनं नाही म्हणून मान हलवली, आणि मग रडायला लागली.